शिष्टरचा पाला

शिष्टर रिटायर झाल्या त्याच वर्षी मी या गावातल्या प्रशालेवर बदलून आले, त्यामुळे नोकरीतल्या शिष्टर मी पाहिलेल्या नाहीत. पण त्यांचं "जीभ वर करा" मला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळालं, तेही मुलांच्या तोंडून. मधल्या सुट्टीत पोरी शिष्टर-शिष्टर खेळत होत्या. एक जण चिंचोका द्यायची, दुसरी गिळल्याचं सोंग करायची, आणि पहिली कमरेवर हात ठेवून म्हणायची, "जीभ वर करा. अजून वर. गालात काय हाय?"

त्यामागची गोष्ट अशी की क्षयाच्या गोळ्या पेशंटनं नर्ससमोर गिळायच्या असतात. गावातले काही हुशार लोक गोळी जिभेखाली धरायचे आणि उपकेंद्राच्या भिंतीच्या आडोशाला जाऊन थुंकायचे. शिष्टरनं एकदा भिंतीमागं पडलेल्या गोळ्या पाहिल्या, आणि त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंत कुणाला जीभ उचलून दाखवल्याशिवाय ओट्यावरून उठू दिलं नाही. त्यात सरपंच सुटले नाहीत की सरपंचांचे व्याही. लोक चिडायचे, पण बरे व्हायचे. बरे झालेले लोक मग हीच गोष्ट हसून सांगायचे.

त्यांचं नाव कुसुम वाव्हळे. ते फक्त पगारपत्रकावर. उपकेंद्राच्या नर्सला आमच्याकडे सिस्टर म्हणतात आणि जिभेवर आलं की त्याचं शिष्टर होतं. बुटक्या, काळ्यासावळ्या, चालताना किंचित पुढं झुकलेल्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, नाडी मोजायला सोपं जातं म्हणून. नाडी मोजायचं काम संपलं तरी घड्याळ आतच राहिलं. बोलणं आमच्या परभणीकडचं रांगडं, पण मधेच 'रेग्युलर', 'डिलिव्हरी', 'टॅबलेट' असे शब्द असे ठसक्यात यायचे, की समोरचा आपोआप सरळ बसायचा.

माझ्या भाड्याच्या खोलीची मागची खिडकी त्यांच्या परसात उघडायची. परस कसलं, घरामागची मोठी जागा, काट्याच्या कुंपणात, एका कोपऱ्यात कडुनिंब. तिथं त्यांनी औषधी झाडपाला लावलेला. अडुळसा, शतावरी, अश्वगंधा, कोरफड, पानओवा, सब्जा, गवती चहा, आणि निंबावर चढवलेली गुळवेल. सकाळी माझं दूध तापेपर्यंत कुंपणाशी कुणीतरी उभं असायचं. "शिष्टर, पोराला खोकला झालाय, पाला द्या." शिष्टर पाला द्यायच्या आणि त्यासोबत अर्धा तास झापायच्या. "पाला खोकल्याला हाय. ताप आला, दम लागला, तर दवाखाना. पाला पाल्याच्या जागी, गोळी गोळीच्या जागी. काय म्हणलं मी? म्हणून दाखवा." माणूस म्हणून दाखवायचा, तेव्हा पाला हातात पडायचा.

मी एकदा विचारलं, आयुष्यभर लोकांना झाडपाल्यावरून रागावलात आणि आता स्वतःच हे कसं? त्या गवती चहा कापत होत्या. म्हणाल्या, "सरकारनं गोळ्या काढून घेतल्या बाई माह्या हातातून. मंग काय द्यावं लोकाला?" आणि हसल्या. मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं.

त्यांचे यजमान उत्तमराव आमच्याच प्रशालेत शिपाई होते. गाव त्यांना मामा म्हणायचं. उंच, हडकुळे, मऊ बोलणारे. मामांना काहीही वाया गेलेलं बघवत नसे. फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे ते डब्यात गोळा करायचे आणि शिक्षकांना खडू संपला की तो डबा पुढं करायचे. परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्या, तुटलेल्या बाकाचे खिळे, घंटेची जुनी दोरी, सगळं जपलेलं. रिटायर झाल्यावरही शाळेत चक्कर मारून नळ गळतोय का बघून जायचे. शिष्टरचं मात्र त्यांना भारी कौतुक. "आमच्या शिष्टरनं" अशी त्यांची निम्मी वाक्यं सुरू व्हायची. स्वतःच्या बायकोलाही ते शिष्टरच म्हणायचे.

ससे मामांनी आणले. वालूरच्या बाजारातून एक दिवस ते मेथीची जुडी आणायला गेले आणि पिशवीत सशाची जोडी घेऊन आले. कुणीतरी हौसेनं पाळलेली, मग कंटाळून विकायला काढलेली. शिष्टरनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मादीच्या पोटाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर पोटुशी हाय." झालं. तिथून पुढं ते खातं शिष्टरचं झालं. लाकडी फळ्या आणि जाळीचे पिंजरे उभे राहिले. गाभण सशिणीचं पोट त्या बोटांनी असं हलकं चाचपायच्या, आणि सांगायच्या, ही या आठवड्यात होईल, ही पुढच्या. चुकायच्या नाहीत. झाडांची छाटणी सशांना, सशांच्या लेंड्या झाडांना. पिल्लं मोठी झाली की लोक घेऊन जायचे, कुणी पोरांना खेळायला, कुणी कशाला. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डिलिव्हरी केल्यावर पोराचं पुढं काय झालं ते नर्सनं इचारायचं नसतं."

सशीण वीत असताना आपल्या पोटाचे केस आपल्याच दातांनी उपटते आणि त्याची गादी करते, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. त्या वेळी पिंजऱ्याजवळ कुणी जायचं नाही असा शिष्टरचा हुकूम. मामांना राहवलं नाही. एकदा त्यांनी झाकण उघडून पिल्लांवर बोट फिरवलं. सशीण बिथरली आणि तिनं आपलीच दोन-तीन पिल्लं मारून टाकली. मामा दिवसभर कुंपणाशी बसून होते, जेवले नाहीत. उरलेली पिल्लं शिष्टरनं दुसऱ्या नुकत्याच व्यायलेल्या सशिणीच्या गादीत ठेवली आणि तिच्या नाकाला सब्जाचा चुरगाळलेला पाला चोळला, म्हणजे परक्या पिल्लाचा वास तिला ओळखू येऊ नये. तिनं ती आपली समजून पाजली. संध्याकाळी शिष्टर मामांना म्हणाल्या, "जगली बगा. आता उठा अन् भाकर खा." मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मायेनं केलेली चूक शिष्टर अशी पोटात घालायच्या.

इतरांच्या चुकीला मात्र माफी नव्हती. एकदा एक ससा सुटला आणि कुंपणाबाहेरचा धोतरा खाऊन आला. दिवसभर शिष्टरनं त्याच्यावर नजर ठेवली, पण पठ्ठ्याला काही झालं नाही. ही बातमी पारावर गेली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतला एक जण, सशाला चालतो तर आपल्या दम्याला काय होतंय, असं म्हणत धोतऱ्याची पानं तोडायला आला. शिष्टर खुरपं घेऊनच धावल्या. "सशाचं पोट येगळं, तुमचं येगळं. एकाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालतंय व्हय? कुणी सांगितलं तुमाला?" त्या माणसाला त्यांनी ओट्यावर बसवून पाणी पाजलं, छातीला कान लावला आणि स्वतः सोबत जाऊन दवाखान्यात सोडून आल्या. कुंपणालगतचा सगळा धोतरा त्याच दुपारी उपटून जाळला. गावात पुष्कळ दिवस हा हसण्याचा विषय होता.

मामांना बीपी होता. सरकारी दवाखान्यातून दर महिन्याला गोळ्या मिळायच्या, त्या आणायला मामा स्वतः जायचे. त्याखेरीज ओढ्याकाठच्या अर्जुनसादड्याच्या झाडाची साल आणून शिष्टर त्यांना सकाळी काढा करून द्यायच्या. मामांनीच मागितला होता, म्हणून. "घ्या, काई वाईट न्हाई. पण गोळी चुकवायची न्हाई," हे शिष्टरचं रोजचं. मी खिडकीशी चहा घेत असताना रोज ऐकायचे. "गोळी घेतली?" "घेतली की." "बीपी मोजला का दवाखान्यात?" "बरोबर हाय म्हणले." शिष्टरनं सरकारचं मशीन रिटायर होताना जमा केलं होतं, दुसरं घेतलं नव्हतं. आणि घरच्या माणसाला कोण जीभ वर करायला लावतं.

त्या वर्षीचा उन्हाळा फार वाईट गेला. उन्हानं ससे धापा टाकायचे, कान लाल व्हायचे. मामा दिवसभर गोणपाटं भिजवून पिंजऱ्यांवर टाकायचे, वाळली की पुन्हा भिजवायचे. एका सकाळी ओलं गोणपाट टाकता टाकता ते खाली बसले आणि मग आडवे झाले. मी खिडकीतून पाहिलं. मला आधी वाटलं, सावलीला टेकलेत. शिष्टरची हाक ऐकून धावले तेव्हा मामांचं तोंड एका बाजूला गेलं होतं आणि उजव्या हातात गोणपाट तसंच होतं.

गाडी करून परभणीला नेलं, मी सोबत होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बीपी पाहिला आणि विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का. शिष्टर म्हणाल्या, "नाही. टॅबलेट रेग्युलर चालू होती." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. शिष्टर ताठ झाल्या. "मी स्वतः नर्स आहे, सर. रेग्युलर चालू होती." इतकी शुद्ध भाषा त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकली नव्हती. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मामा तीन-चार दिवस होते, बोलले नाहीत, आणि गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यांची पुण्यात नोकरी करणारी मुलगी आली होती, सोबत चल म्हणून हट्ट करून करून दमली आणि नोकरीवर परत गेली. येणारी-जाणारी माणसं हळूहळू कमी झाली. एका दुपारी मी शिष्टरजवळ ओसरीत बसले होते, त्या लसणाच्या पाकळ्या सोलत होत्या, तेव्हा गफूरभाई आले. गाद्या भरणारे, मामांचे जुने दोस्त. येऊन बसले, टोपी मांडीवर ठेवून बराच वेळ रडले. मग डोळे पुसून उठता उठता म्हणाले,

"भाभी, एक इचारू का? माह्या गोळ्याचं आता कसं करावं?"

"कसल्या गोळ्या?"

"बीपीच्या. उत्तमभाई द्यायचे ना त्या. परवाच संपल्या."

शिष्टरच्या हातातली पाकळी तशीच राहिली. गफूरभाईंना वाटलं, त्यांना सगळं माहीतच आहे. ते सांगत गेले. "मागच्या ईदपासून देऊ लागले होते. म्हणले, मी घरचा काढा घ्यायलोय, गोळ्या तशाच पडायल्यात. फेकून द्यायच्या कामून? तुलाबी बीपी हाय, तू खा. मला तर त्या दवाखान्याच्या रांगेत उभं राह्याचं जिवावर येतंय, तुमाला ठाऊकच हाय. मी म्हणलो, भाई, तुमाला नगं का? तर म्हणले, पारावर लोक हसायलेत. शिष्टर लोकाला पाला देती अन् नवऱ्याला गोळ्या चारती म्हणतेत. तिच्या पाल्याची लाज मी न्हाई राखली तर कोण राखंल?"

शिष्टरनं मनगट उलटं करून घड्याळाकडं पाहिलं. काय बघितलं कुणास ठाऊक. मग अगदी उपकेंद्रातल्यासारख्या आवाजात विचारलं, "रोज घेत होता?"

"रोज. नाष्टा झाला की."

"चक्कर येती का आता?"

"न्हाई भाभी. लय फरक पडला त्या गोळ्यानं."

एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडं पाहिलं, शिष्टरकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं. हातातली टोपी खाली पडली ती त्यांनी उचललीही नाही. शिष्टर पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मला त्या दुपारी फार भयंकर वाटलं, रागही आला, पण कुणाचा करावा ते समजेना. मामांचा म्हणावा तर त्यांनी केलं ते बायकोच्या मायेनं. गफूरभाईंनी काय केलं, तर दिलेली गोळी खाल्ली. पारावर हसणारे लोक तर काय, आजही हसत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीच्या आवाजानं मी खिडकीशी गेले. शिष्टर पाला उपटत होत्या. शतावरी, अश्वगंधा, अडुळसा मुळासकट. निंबावरची गुळवेल हातानं ओढून काढताना तळहात सोलले तरी थांबेनात. मी जाऊन हात धरला. त्या दमल्या होत्या, खाली बसल्या. म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? रिटायर झाल्यावर महिनाभर कुणी दारात आलं न्हाई माह्या. नवी नर्स आली, लोक तिकडं गेले. माणसं यावीत म्हणून लावला होता मी हा पाला. दुसरं काई नव्हतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "गावाच्या जिभा बघितल्या मी. घरात एक जीभ होती." अशा वेळी जे बोलायचं असतं ते सगळं खोटं असतं.

कुंपणाशी पुढं काही दिवस लोक येत राहिले. रिकामी जागा बघून परत जायचे. सशांसाठी त्या बाजारातून घास आणायला लागल्या. नर आणि माद्या वेगळ्या केल्या, पिल्लं बंद. तरी एक पांढरी सशीण एकदा पोटाचे केस उपटून गादी करून बसली. शिष्टरनं पोट चाचपलं आणि हात काढून घेतला. "काई न्हाई आत. उगंच करतेत कधी कधी." ती गादी त्यांनी काढली नाही. सशीण दोन-तीन दिवस रिकाम्या गादीला राखण बसली होती, कुणी जवळ गेलं की पाय आपटायची.

गफूरभाईंना शिष्टरनं स्वतः रांगेत उभं करून त्यांच्या नावावर गोळ्या सुरू करून दिल्या. काही दिवसांनी ते रस्त्यात भेटले ते भिंतीला धरून चालताना. शिष्टरनं तिथंच थांबवून विचारलं, गोळी घेता का. ते म्हणाले, घेतो. शिष्टर त्यांच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. या आवाजातलं 'घेतो' त्यांनी आधी ऐकलेलं होतं. घरी नेऊन पाण्याचा तांब्या दिला, गोळी दिली, गिळल्यावर म्हणाल्या, "जीभ वर करा." गोळी जिभेखाली होती.

गफूरभाई मान खाली घालून म्हणाले, "माह्या हिश्श्याच्या न्हाईत त्या, भाभी. एका माणसाच्या तोंडच्या खाल्ल्या मी. आता उतरत न्हाईत गळ्याखाली."

शिष्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते गेले. त्यांच्या गोळ्यावर तुमी राह्यलात. तुमीबी गेलात तर त्या वायाच गेल्या की. त्यांना वाया गेलेलं चालायचं का?"

त्या दिवसापासून गफूरभाईंची गोळी शिष्टरच्या ओट्यावर ठरली. ते रोज सकाळी येतात, दोघांत बोलणं होत नाही. मुलगी अजून पुण्याला बोलावते. शिष्टर म्हणतात, "कसं येऊ? सकाळची ड्यूटी हाय." मुलीला वाटतं, आईचं डोकं फिरलंय. मलाही कधी कधी तसं वाटतं. त्यांनी परसात पुन्हा काही लावलं नाही. ससे उन्हानं, म्हातारपणानं एकेक करून गेले, पिंजरे तसेच उभे आहेत.

या जूनमध्ये माझी बदली झाली. निघायच्या सकाळी बॅग दारात ठेवून त्यांना भेटायला गेले. गफूरभाई ओट्यावर बसलेले, शिष्टर त्यांच्यासमोर उभ्या. मला त्यांनी हातानंच थांब म्हटलं. गोळी, पाणी. गफूरभाईंनी गिळलं. "जीभ वर करा." केली. "अजून वर." तोंडात काही नव्हतं, मला उभ्या जागेवरून दिसत होतं. शिष्टर वाकून बघतच होत्या.

"जयभीम शिष्टर, निघते मी," म्हटलं.

"या बाई," त्या म्हणाल्या, पण मान वळवली नाही.

गाडी रस्त्यावर येऊन थांबली होती. बॅग चढवून मी गाडीच्या खिडकीतून पाहिलं, तर कुंपणाच्या फटीतून ओटा दिसत होता. गफूरभाई तसेच आ करून बसलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शिष्टर अजून तशाच वाकलेल्या, आणि तोंड मिटा असं कुणी त्यांना सांगत नव्हतं.